व्हँकुव्हरचा गुरुद्वारा, कोळशाचे दगड आणि विदर्भातला एक गदरी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, मी घुग्घुसच्या घरी, वरच्या खोलीत, दोन ब्लँकेटं दाराला अडकवून रेकॉर्डिंग करतोय. तरीही मागं ट्रकचा आवाज येईलच. कोळशाचे ट्रक आहेत, ते रात्रभर चालतात, आणि तो आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरनं पूर्ण जात नाही. मी सॉफ्टवेअरवालाच आहे, सगळं करून पाहिलं. तेव्हा सांभाळून घ्या.

आजचा भाग एका फोनमुळं सुचला. माझा एक मित्र, आमच्या चंद्रपूरचाच, दोन वर्षांपूर्वी कॅनडात शिकायला गेला. व्हँकुव्हरजवळ सरे नावाचं शहर आहे, तिथं राहतो. मागच्या हिवाळ्यात त्याचं पार्टटाइम काम सुटलं, भाडं थकलं, आणि हे त्यानं घरी सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही दोन महिन्यांनी. मी विचारलं, "मग जेवत कुठं होता बे?" तो म्हणाला, "गुरुद्वाऱ्यात. कोणी काही विचारत नाही. ताट घ्यायचं, बसायचं, जेवायचं. नंतर मीच भांडी घासायले जायला लागलो."

मग तो एक वाक्य बोलला आणि ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणाला, "यार, इथं आपण बाहेरचे. आपल्याले जेवू कोण घालून रायलं, तर ज्यांना आपण घुग्घुसमध्ये बाहेरचे म्हणत होतो ते."

ते वाक्य मला लागलं, कारण ते माझ्याबद्दल होतं. त्याच्याकडं शेवटी येतो. आधी इतिहास.

व्हँकुव्हरच्या रॉस स्ट्रीटवर जो मोठा गुरुद्वारा आहे, तो चालवणारी संस्था म्हणजे खालसा दिवान सोसायटी. स्थापना १९०६. म्हणजे आपल्याकडं लोकमान्य टिळक अजून मंडालेला जायचे होते, तेव्हाची ही संस्था. त्याच्या दोनतीन वर्षं आधीपासून पंजाबातून लोक ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पोचायला लागले होते. बहुतेक शेतकरी किंवा ब्रिटिश फौजेतून निवृत्त झालेले शिपाई. काम मिळायचं लाकडाच्या मिलमध्ये, जंगलतोडीत, रेल्वेच्या रुळांवर. दिवसभर ओंडके ओढायचे, रात्री एका खोलीत दहाबारा जणांनी झोपायचं. घुग्घुसला खाणीच्या जुन्या चाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना चित्र समजेल.

या लोकांनी पैसे जमवले आणि जानेवारी १९०८ मध्ये व्हँकुव्हरच्या वेस्ट सेकंड अव्हेन्यूवर गुरुद्वारा उघडला. स्वतःची पक्की घरं नसलेल्या मजुरांनी सगळ्यात आधी बांधली ती सगळ्यांची इमारत.

आता त्याच महिन्यात, जानेवारी १९०८ मध्येच, कॅनडा सरकारनं एक नियम काढला. नियम असा, की कॅनडात येणाऱ्यानं आपल्या मायदेशातून थेट, मध्ये कुठं न थांबता, एकाच तिकिटावर आलं पाहिजे. वाचायला अगदी साधा. कुठं 'भारतीयांना बंदी' असा शब्द नाही. पण भारतातून कॅनडाला थेट जहाजच नव्हतं! हाँगकाँग किंवा जपानमध्ये बदलावंच लागायचं. वर आणखी अट, की आशियातून येणाऱ्याच्या खिशात २०० डॉलर पाहिजेत. मिलमध्ये मजुरी करायला येणाऱ्या माणसाजवळ २०० डॉलर कुठून येणार?

मी कोड लिहितो, म्हणून मला ही युक्ती लगेच ओळखू आली. एखाद्याला नकार द्यायचा असेल तर फॉर्मवर 'नकार' लिहायची गरज नाही. एक अशी अट टाका जी त्याला कधीच पूर्ण करता येणार नाही. मग फॉर्म आपोआप नामंजूर होतो आणि तुमचे हात स्वच्छ. परिणाम आकड्यात पहा. १९०७-०८ या वर्षात भारतातून सुमारे २,६०० लोक कॅनडात आले होते. पुढच्या वर्षी आले ६. सहा म्हणजे सहाच.

जे आधीच आलेले होते त्यांचं काय? ब्रिटिश कोलंबियानं १९०७ मध्येच त्यांचा मताधिकार काढून घेतला होता. नुसतं मत गेलं असं नाही. मतदार यादीत नाव नाही म्हणून वकिली करता येत नाही, औषधांचं दुकान चालवता येत नाही. बायकामुलांना आणता येत नाही. १९१२ मध्ये सोसायटीचे दोन पुढारी, भाग सिंग आणि ग्रंथी बलवंत सिंग, आपल्या कुटुंबांना घेऊन आले. पुरुष आत, बायकामुलांना परत पाठवायचा हुकूम. बरीच लढाई झाल्यावर सरकारनं त्यांना राहू दिलं, पण हक्क म्हणून नाही, मेहरबानी म्हणून. म्हणजे पुढच्या कोणी त्याचा दाखला देऊ नये.

आता विचार करा. तुम्हाला मत नाही, नगरसेवक तुमचा नाही, वर्तमानपत्रं तुमच्या विरोधात, कोर्टात वकील तुमच्यातला होऊ शकत नाही. तुमच्याकडं काय आहे? एक इमारत, आणि एक नोंदणी झालेली संस्था. मार्च १९०९ मध्ये खालसा दिवान सोसायटीची रीतसर नोंदणी झाली. आपल्याला सोसायटीची नोंदणी म्हटलं की शिक्का, स्टॅम्पपेपर आणि चहापाणी आठवतं. पण इथं या नोंदणीचा अर्थ मोठा होता. एकटा मजूर कुणाच्या खिजगणतीत नव्हता. संस्था मात्र जमीन घेऊ शकत होती, वर्गणी गोळा करू शकत होती, सरकारला अधिकृत पत्र लिहू शकत होती, वकील लावू शकत होती. ज्यांना नागरिक म्हणून मोजत नव्हते, त्यांनी कायद्याला मोजावंच लागेल असं काहीतरी उभं केलं.

याचा उपयोग लगेच झाला. १९०८ मध्ये सरकारनं सुचवलं, की तुम्हा सगळ्यांना आम्ही ब्रिटिश होंडुरासला पाठवतो, तिथं छान काम आहे. ब्रिटिश होंडुरास म्हणजे आजचं बेलीझ, मध्य अमेरिकेतलं. लोकांनी सरळ नाही म्हटलं नाही. दोन प्रतिनिधी निवडले, नगर सिंग आणि शाम सिंग, आणि जागा पाहायला पाठवले. ते परत आले आणि गुरुद्वाऱ्यात भरलेल्या सभेत त्यांनी सगळं सांगितलं: हवामान वाईट, मजुरी कमी, आणि चांगला अहवाल द्यावा म्हणून आपल्याला पैशाचं आमिष दाखवलं गेलं. सभेनं योजना फेटाळली. त्याच दिवसांत तेजा सिंग नावाच्या शिकलेल्या पुढाऱ्याच्या पुढाकारानं लोकांनी कंपनीही काढली, 'गुरू नानक मायनिंग अँड ट्रस्ट कंपनी'. नावात मायनिंग आहे हे वाचून घुग्घुसचा माणूस हसणारच. आपल्याकडं अशा नावाचा बोर्ड दिसला तर कुणालाच नवल वाटणार नाही.

आता येऊ या मे १९१४ वर. गुरदित सिंग नावाच्या व्यापाऱ्यानं त्या 'थेट प्रवासा'च्या नियमाला आव्हान द्यायचं ठरवलं आणि हाँगकाँगमध्ये एक जपानी जहाज भाड्यानं घेतलं. जहाजाचं नाव कोमागाटा मारू. प्रवासी ३७६: ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. २३ मे १९१४ ला जहाज व्हँकुव्हरच्या खाडीत आलं. उतरायची परवानगी नाही. किनारा समोर दिसतोय आणि उतरता येत नाही. असे दोन महिने.

किनाऱ्यावर कोण धावलं? गुरुद्वाऱ्याशी जोडलेली माणसं. भाग सिंग होते, हुसैन रहीम होते. त्यांनी किनारा समिती केली, मजुरांकडून वर्गणी काढली. जहाजाच्या भाड्याचे हप्ते थकले होते, ते यांनी भरले आणि भाडेकरार आपल्या नावावर करून घेतला. एडवर्ड बर्ड नावाचा गोरा वकील लावला. मुन्शी सिंग या एका प्रवाशाचा खटला नमुना म्हणून कोर्टात गेला, आणि जुलैच्या सुरुवातीला अपील कोर्टानं एकमतानं विरोधात निकाल दिला.

१९ जुलैच्या रात्री पोलीस 'सी लायन' नावाच्या बोटीतून जहाजावर चढायला निघाले. आणि प्रवाशांनी त्यांच्यावर काय फेकलं? कोळसा. गुरदित सिंगनं जपानमध्ये जहाजात कोळसा भरून घेतला होता, तो विकून खर्च निघावा म्हणून. त्याच कोळशाचे दगड आणि विटा फेकून त्यांनी पोलिसांना परतवून लावलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबलो. लहानपणी आम्ही सायडिंगजवळ पडलेले कोळशाचे तुकडे वेचून एकमेकांवर फेकायचो. हाताला किती लागतं आणि अंगाला किती लागतं, दोन्ही मला माहीत आहे.

मग सरकारनं 'रेनबो' नावाची युद्धनौका आणून शेजारी उभी केली. जे आधीपासून कॅनडाचे रहिवासी होते असे थोडे लोक उतरू शकले, बाकी सगळे २३ जुलैला परत फिरले. सप्टेंबरच्या शेवटी जहाज कलकत्त्याजवळ बजबजला लागलं. तिथं इंग्रज सरकारला सगळ्यांना रेल्वेनं थेट पंजाबला पाठवायचं होतं. लोकांनी नकार दिला, गोळीबार झाला आणि वीसच्या आसपास प्रवासी मेले. परदेशात उतरू दिलं नाही, आणि आपल्या देशात उतरले तर गोळ्या.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर हा भाग खोटा होईल. गुरुद्वाऱ्याचा इतिहास म्हणजे नुसता लंगर आणि शौर्य नाही. हॉपकिन्सन नावाच्या इमिग्रेशन अधिकाऱ्यानं याच समाजात खबरे पेरले होते. त्यातला एक बेला सिंग. ५ सप्टेंबर १९१४ ला बेला सिंगनं गुरुद्वाऱ्याच्या आत, जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. त्यात भाग सिंग आणि बट्टन सिंग गेले. ज्या भाग सिंगनं किनाऱ्यावरून जहाजासाठी पैसा जमवला, त्याला त्याच्याच गुरुद्वाऱ्यात, त्याच्याच समाजातल्या माणसानं मारलं. २१ ऑक्टोबरला मेवा सिंगनं कोर्टाच्या इमारतीत हॉपकिन्सनला गोळी घातली आणि पळून न जाता हत्यार देऊन टाकलं. ११ जानेवारी १९१५ ला त्याला फाशी झाली. कॅनडातल्या गुरुद्वाऱ्यांत आजही जानेवारीत त्याची आठवण काढतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पंजाबचं आणि कॅनडाचं. आपल्या मराठी माणसाचा संबंध काय? आहे, आणि चांगलाच जवळचा आहे.

याच किनारपट्टीवर, थोडं खाली अमेरिकेत, १९१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनला गुरुद्वाऱ्याची स्थापना झाली. १९१३ मध्ये गदर पार्टी उभी राहिली आणि १ नोव्हेंबर १९१३ ला सॅन फ्रान्सिस्कोतून 'गदर' या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. गुरुद्वारे हीच या चळवळीची भेटायची ठिकाणं. त्यातला एक म्होरक्या होता पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा. आपली वर्धा नदी आहे ना, घुग्घुसच्या कडेनं वाहणारी, तिच्याच नावाच्या गावचा पोरगा. ओरेगॉनमध्ये शेतीशास्त्र शिकत होता आणि शीख मजुरांबरोबर क्रांतीची तयारी करत होता. पुढं तो मेक्सिकोत स्थायिक झाला, चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला, मक्यावर संशोधन केलं, आणि दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारानं त्याला आपल्या भित्तिचित्रात रंगवलं. शेवटी नागपूरला परतला, १९६७ मध्ये तिथंच गेला.

दुसरा विष्णू गणेश पिंगळे. तळेगाव ढमढेऱ्याचा, पुणे जिल्ह्यातला. अमेरिकेला इंजिनिअरिंग शिकायला गेलेला. १९१४ च्या शेवटी कर्तारसिंग सराभाबरोबर भारतात परतला, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या लष्करी छावणीत बॉम्बसह पकडला गेला, आणि १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात सराभासोबतच फासावर गेला. वय सत्तावीसच्या आसपास. माझंही वय तेवढंच आहे, मीही इंजिनिअर आहे, आणि मला मागच्या महिन्यात अप्रेझलचं टेन्शन होतं. असो.

तसं पाहिलं तर हा धागा त्याहून जुना. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. म्हणजे व्हँकुव्हरच्या त्या गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढं लोक डोकं टेकवतात, त्यात पंढरपूरचा शिंपी आहे. गुरू गोविंदसिंगांचं निधन १७०८ मध्ये आपल्या नांदेडला झालं, आणि तिथं पिढ्यान्पिढ्या राहणारे दखनी शीख आहेत. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास आपल्याकडं वढ्याला, वर्धा-पैनगंगेच्या संगमावर, विठोबाची यात्रा भरते. त्याच पौर्णिमेला गुरू नानक जयंती असते. मी इतकी वर्षं दोन्हींना सुट्टीपुरतंच ओळखत होतो.

व्हँकुव्हरकडं परत जाऊ. मताधिकार परत मिळाला १९४७ मध्ये. आपल्याला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी, चाळीस वर्षांच्या अर्जविनंत्या आणि शिष्टमंडळांनंतर. मत मिळाल्यावर सगळं गोड झालं असंही नाही. दाढीकेस न ठेवणाऱ्यांनी समितीवर बसावं की नाही यावरून भांडण झालं आणि १९५२ मध्ये एक गट बाहेर पडून त्यांनी अकाली सिंग सोसायटी काढली. आपल्या गावच्या गणेश मंडळातून दुसरं मंडळ निघतं, तसंच. १९७० मध्ये आर्थर एरिक्सन या नामांकित वास्तुकारानं आखलेला रॉस स्ट्रीटचा गुरुद्वारा उभा राहिला.

आणि कोमागाटा मारूची माफी? २००८ मध्ये पंतप्रधान हार्पर यांनी सरेमधल्या एका पार्कात कार्यक्रमात माफी मागितली. लोकांनी तिथल्या तिथं सांगितलं, ही चालणार नाही. ज्या सरकारनं कागदावर अन्याय केला त्यानं संसदेत, कागदावर माफी मागावी. १८ मे २०१६ ला जस्टिन ट्रुडो यांनी संसदेत मागितली. १०२ वर्षं लागली. पार्कातली माफी न घेता आठ वर्षं आणखी थांबायला किती चिकाटी लागत असेल! पण ज्यांच्या आजोबांना मेहरबानी म्हणून राहू दिलं होतं, त्यांना हक्क आणि मेहरबानी यातला फरक कोणी शिकवायला नको.

आता ती माझी गोष्ट.

घुग्घुसमध्ये ट्रान्सपोर्टच्या धंद्यामुळं सरदार कुटुंबं बरीच. आमच्या वर्गात एक सरदार पोरगा होता. सातवीत असताना क्रिकेटमध्ये रनआउटवरून भांडण झालं. तो म्हणे आउट नाही, मी म्हणे आहे. आणि मी सगळ्यांसमोर बोललो, "आउट आहे तू. नसन पटत तर जाय तुह्या पंजाबले."

तो चंद्रपूरला जन्मला होता. पंजाब त्यानं तोवर पाहिलाही नव्हता. त्यानं बॅट खाली ठेवली आणि घरी गेला. परत खेळायला आला, पण माझ्याशी आधीसारखं बोलला नाही. दहावीनंतर त्यांचं कुटुंब दुसरीकडं गेलं.

गंमत अशी, की घुग्घुसमध्ये 'इथला' कोण? मागच्या आठवड्यात मी बाबांना विचारलं, आपण मूळचे कुठले? बाबा म्हणाले, "तुझा आजा आदिलाबादकडून आला खाणीत कामाले. त्याले सुरुवातीले मराठी नीट येत नव्हती. लोक हसायचे." मला हे सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं. खाणीनं आम्हा सगळ्यांनाच बोलावलं: तेलुगू, छत्तीसगढी, बिहारी, पंजाबी, मराठी. कुणी पंधरा वर्षं आधी आला, कुणी पंधरा वर्षं नंतर. आधी आलेल्यानं दार लावून घ्यायचं एवढाच काय तो हक्क, आणि तो मी सातवीतच शिकून घेतला होता, कुणी न शिकवता. कॅनडाच्या त्या नियमावर हसताना मला हे आठवलं आणि हसू थांबलं. त्यांनी नियम केला. मी रनआउट दिला.

या भागाची तयारी करताना मी त्या वर्गमित्राचा नंबर शोधला. मोठा मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी एवढंच पाठवलं, "सातवीतली मॅच आठवते का? मी जे बोललो ते चुकीचं होतं. माफ कर."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

"आठवते. आउट नव्हतो मी."

मी लिहिलं, "नव्हता."

त्यावर त्यानं फक्त हात जोडल्याचा इमोजी पाठवला. माफ केलं की नाही, ते मी विचारलं नाही. आज मला माफीबद्दल एवढंच कळतं, की ती कुठं आणि कशी मागायची हे मागणाऱ्यानं ठरवायचं नसतं. ती मॅच चार लोकांसमोर झाली होती, आणि माझी माफी खासगी मेसेजमध्ये, म्हणजे पार्कातलीच. म्हणून आज हे तुमच्या सगळ्यांसमोर बोलतोय. त्याचं नाव घेतलेलं नाही, कारण ते घ्यायचा हक्कही माझा नाही.

मंडळी, तुमच्या घरी एकदा विचारा, आपला आजा या गावात कुठून आला आणि पहिल्या दिवशी त्याला जेवू कोणी घातलं. उत्तर मिळालं तर मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकू. कॅनडातला मित्र बरा आहे, काम मिळालंय, रविवारी अजूनही भांडी घासायला जातो.

ट्रकचा आवाज आला ना मध्ये? येणारच. भेटू पुढच्या भागात.